मैदानावरचा कर्णधार आणि सभागृहातला अध्यक्ष : बिल बोमाँट यांची वाटचाल

राज्य संघाकडून खेळून नुकत्याच निवृत्त झालेल्या एका रग्बीपटूने विचारले आहे : 'जिल्हा संघटनेच्या कार्यकारिणीवर मला खेळाडूंचा प्रतिनिधी म्हणून घेत आहेत. इंग्लंडचे कर्णधार बिल बोमाँट पुढे जागतिक रग्बीचे अध्यक्ष झाले, हे उदाहरण मला सगळे जण देतात. मैदानावर कमावलेल्या गोष्टींचा प्रशासनात खरोखर उपयोग होतो, की तो केवळ नावाचा मान असतो?'

मी मुंबईत दहा पावसाळे दुसऱ्या रांगेत, म्हणजे बोमाँट यांच्याच जागी, रग्बी खेळलो आणि त्यानंतरची बावीस वर्षे क्रीडासंघटनांच्या सचिवपदाचे काम केले. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मी थोड्याफार पाहिल्या आहेत. माझे उत्तर असे, की खेळाडूचे नाव त्याला सभागृहाच्या दारापर्यंत नेते. आत गेल्यावर त्याच्या उपयोगी पडते ती माणसांची मोट बांधण्याची सवय आणि एखाद्या नियमाचा फटका स्वतः सोसल्याची आठवण. मात्र ज्या मतांच्या बेरजेवर तो निवडून येतो, ती बेरीजच पुढे त्याचे हात बांधते. बोमाँट यांच्या आयुष्यात या तीनही गोष्टी स्पष्ट दिसतात, म्हणून त्यांचे उदाहरण योग्यच आहे. फक्त ते यशोगाथा म्हणून सांगितले जाते तेव्हा अर्धेच सांगितले जाते.

विल्यम बोमाँट यांचा जन्म ९ मार्च १९५२ रोजी इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातल्या प्रेस्टन येथे झाला. जवळच्या चॉर्ली गावात त्यांच्या घराण्याचा कापडाचा व्यवसाय होता आणि शिक्षण संपल्यावर तेही त्याच व्यवसायात शिरले. रग्बी युनियन तेव्हा पूर्णपणे हौशी खेळ होता. आठवडाभर गिरणीत काम, संध्याकाळी सराव आणि शनिवारी सामना, असा बहुतेक खेळाडूंचा क्रम असे. सतराव्या वर्षी ते फाइल्ड क्लबात आले आणि तिथल्या सहाव्या संघातून त्यांनी सुरुवात केली. पुढे देशाचे कर्णधार झालेल्या माणसाने क्लबच्या सहाव्या संघात चिखल तुडवला होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. क्लबात चहा कोण करतो, मैदानाच्या रेषा कोण आखतो, वर्गणी कोण गोळा करतो, हे पहिल्या संघातल्या खेळाडूला सहसा ठाऊक नसते. सहाव्या संघातल्याला ठाऊक असते, कारण ती कामे बहुधा त्याच्याच वाट्याला येतात.

ज्यांनी रग्बी फारशी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दुसऱ्या रांगेतल्या खेळाडूचे, म्हणजे 'लॉक'चे काम सांगतो. स्क्रममध्ये आठ जण एकमेकांत गुंफून समोरच्या आठांना रेटतात. लॉक आपले डोके पुढच्या रांगेतल्या दोघांच्या मांड्यांमध्ये खुपसतो. कान सोलवटू नयेत म्हणून आम्ही सामन्याआधी कानांवरून चिकटपट्टी गुंडाळत असू आणि वर व्हॅसलिन चोपडत असू. डोके आत गेल्यावर दिसते ते फक्त चिखलात रुतलेले पाय आणि कानांवर येतो तो बाकीच्यांचा श्वास. चेंडू कुठे आहे, आपली बाजू पुढे सरकली का, हे कळत नाही. इशारा झाला की रेटायचे आणि शेजाऱ्याच्या बनियनवरची पकड सुटू द्यायची नाही. गुण दुसरेच कोणी मिळवतात. या जागेवर वर्षानुवर्षे खेळलेल्या माणसाला श्रेय न मिळणाऱ्या कामाची सवय होते, हे मी अनुभवाने सांगतो.

जानेवारी १९७५ मध्ये डब्लिनला आयर्लंडविरुद्ध ते इंग्लंडकडून पहिल्यांदा खेळले. १९७७ मध्ये ब्रिटिश लायन्सच्या, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या संयुक्त संघाच्या, न्यूझीलंड दौऱ्यासाठी मूळ संघात त्यांचे नाव नव्हते. एका जखमी खेळाडूच्या जागी त्यांना बोलावण्यात आले आणि शेवटच्या तीन कसोट्यांत ते खेळले. सत्तरच्या दशकात इंग्लंडचा संघ वारंवार तळाला जात होता, निवड समिती दर सामन्याला खेळाडू बदलत होती. अशा संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले. १७ नोव्हेंबर १९७९ रोजी यॉर्कशायरमधल्या ऑटली येथे त्यांच्या नेतृत्वाखाली उत्तर इंग्लंडच्या संघाने न्यूझीलंडच्या ऑल ब्लॅक्सना २१–९ असे हरवले. चारच महिन्यांनी इंग्लंडने आयर्लंड, फ्रान्स, वेल्स आणि स्कॉटलंड या चौघांनाही नमवून पाच देशांच्या वार्षिक स्पर्धेत ग्रँड स्लॅम पूर्ण केला. हे यश इंग्लंडला तब्बल तेवीस वर्षांनी मिळाले होते.

त्यातला अखेरचा सामना १५ मार्च १९८० रोजी एडिंबरोच्या मरेफील्डवर झाला आणि इंग्लंडने तो ३०–१८ असा जिंकला. इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या चषकासाठी खेळतात, तो कलकत्ता चषक आपल्या रुपयांचा आहे, हे इथे सांगायलाच हवे. १८७८ मध्ये कलकत्ता फुटबॉल क्लब बंद पडला तेव्हा सभासदांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून घेतली, ते रुपये वितळवून हा चषक घडवला आणि इंग्लंडच्या रग्बी संघटनेला भेट दिला. त्याच्या तीन मुठी नागांच्या आकाराच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. गाशा गुंडाळताना शिल्लक रक्कम आपापसांत न वाटता खेळाला देऊन टाकणारी ती सभा आमच्या प्रत्येक कोषाध्यक्षाने लक्षात ठेवावी अशी आहे.

त्याच वर्षी बोमाँट लायन्सचे कर्णधार म्हणून दक्षिण आफ्रिकेला गेले. १९३० नंतर लायन्सच्या दौऱ्याचे नेतृत्व इंग्रज खेळाडूकडे येण्याची ती पहिलीच वेळ होती. पण तो काळ वर्णद्वेषी राजवटीचा होता. राष्ट्रकुल देशांनी १९७७ मध्ये ग्लेनईगल्स येथे अशा क्रीडासंबंधांना विरोध करण्याचे ठरवले होते आणि ब्रिटिश सरकारही या दौऱ्याच्या विरोधात होते. तरीही रग्बी संघटनांनी संघ पाठवला. पहिल्या तीन कसोट्या गेल्या, चौथी जिंकली. माझ्या मते तो दौरा व्हायला नको होता, आणि ती जबाबदारी प्रामुख्याने प्रशासकांची होती. कर्णधाराने नकार दिला असता तर त्याचे वजन पडले असते, हेही तितकेच खरे. खेळाडूंना एकत्र ठेवण्यात बोमाँट तिथेही कमी पडले नाहीत. परंतु संघ एकत्र ठेवणे आणि संघाने कुठे जावे याचा निर्णय घेणे या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत, आणि प्रशासनात येताना हा फरक आधी समजून घ्यावा लागतो.

जानेवारी १९८२ मध्ये मरेफील्डवरच कलकत्ता चषकाचा सामना ९–९ असा बरोबरीत सुटला. तो त्यांचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. त्यानंतर लवकरच लँकेशायरकडून परगणा अजिंक्यपदाचा अंतिम सामना खेळताना त्यांच्या डोक्याला मार लागला. आधीही असे मार बसलेले असल्याने डॉक्टरांनी खेळ थांबवण्याचा सल्ला दिला आणि वयाची तिशी पूर्ण होण्याआधी ते निवृत्त झाले. इंग्लंडकडून ३४ सामने, त्यांपैकी २१ कर्णधार म्हणून. कर्णधारपदाचा तो आकडा त्या वेळी इंग्लंडचा विक्रम होता.

आता मी त्या गोष्टीकडे येतो, जी या आयुष्यात मला सर्वांत जास्त विचार करायला लावते. निवृत्तीनंतर त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि त्याचे मानधन स्वतःकडे ठेवले. हौशी खेळाच्या तेव्हाच्या नियमांनुसार खेळाच्या नावावर पैसे घेणारा माणूस व्यावसायिक ठरत असे आणि व्यावसायिक ठरला की त्याला खेळाशी कोणताही अधिकृत संबंध ठेवता येत नसे. प्रशिक्षक नाही, निवड समितीवर नाही, क्लबच्या कमिटीवरही नाही. त्यांचा संघसहकारी फ्रॅन कॉटन याच्यावरही पुस्तकापायी हीच वेळ आली. देशाला ग्रँड स्लॅम मिळवून देणारा कर्णधार आपल्या क्लबातल्या मुलांना अधिकृतपणे चार गोष्टी शिकवू शकत नव्हता. त्याच काळात बीबीसीवरच्या एका लोकप्रिय क्रीडा प्रश्नमंजूषेत ते एका संघाचे कर्णधार होते आणि १९८२ ते १९९६ अशी चौदा वर्षे घराघरांत दिसत होते. संपूर्ण देश त्यांना ओळखत होता आणि त्यांच्या खेळाच्या संघटनेने त्यांच्यासाठी दार लावून घेतले होते.

या नियमाचे मूळ जुने आहे. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी सामन्यासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई खेळाडूंना देण्याची मागणी केली होती. गिरणी आणि खाणकामगारांना शनिवारचा खाडा परवडत नव्हता. मागणी फेटाळली गेली, क्लब हडर्सफील्डला जमून वेगळे झाले आणि त्यातून पुढे रग्बी लीग हा स्वतंत्र खेळ निर्माण झाला. लँकेशायरमधले क्लबही त्या फुटीत होते. शंभर वर्षे जपलेला हा हौशीपणा अखेर ऑगस्ट १९९५ मध्ये पॅरिसच्या बैठकीत संपुष्टात आला आणि खेळ सर्वांसाठी खुला झाला. तोवर नियम सैल होऊन बोमाँट यांना परत घेण्यात आले होते. एखादा नियम कागदावर किती नीतिमान दिसतो आणि तो ज्याच्यावर चालतो त्याचे काय होते, हे त्यांनी बाहेर बसून काही वर्षे अनुभवले. खेळाडूला कार्यकारिणीवर घेण्याचे खरे कारण मला इथे सापडते. आपल्याकडे २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय संघटनांच्या कार्यकारिणीत किमान दोन नामवंत खेळाडू आणि चार महिला असणे आवश्यक केले आहे. तुम्हाला आलेले बोलावणे याच वाऱ्याचा परिणाम असावा आणि ही तरतूद मला मनापासून योग्य वाटते.

मात्र परतल्यावर बोमाँट थेट अध्यक्षाच्या खुर्चीत बसले नाहीत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून ते आंतरराष्ट्रीय मंडळावर इंग्लंडचे प्रतिनिधी होते. २००५ मध्ये लायन्सच्या न्यूझीलंड दौऱ्याचे ते व्यवस्थापक होते. पहिल्याच कसोटीच्या सुरुवातीला कर्णधार ब्रायन ओड्रिस्कल खांदा निखळून बाहेर गेला आणि मालिका ३–० अशी गेली. २०११ च्या अखेरीस जागतिक अध्यक्षपदासाठी त्यांनी फ्रान्सच्या बर्नार लापासे यांच्याविरुद्ध निवडणूक लढवली आणि ते १४–१२ अशा निसटत्या फरकाने हरले. २०१२ मध्ये ते इंग्लंडच्या रग्बी संघटनेचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्या संघटनेत वर्षभर चाललेल्या अंतर्गत वादांत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला जावे लागले होते. तीन वर्षांनी इंग्लंडमध्ये विश्वचषक झाला, सुमारे २४ लाख ७० हजार तिकिटे विकली गेली, पण यजमान संघ गटातच बाद झाला. तिजोरी भरली आणि मैदानावर नामुष्की आली, असा तो अनुभव होता.

या मधल्या वर्षांवरून लोक घाईने पुढे जातात. मी थांबतो, कारण आमच्या ओळखीतल्या एका संघटनेत हीच वर्षे कोणी दिली नव्हती. राष्ट्रीय पातळीवर खेळलेला, सर्वांना प्रिय असलेला एक खेळाडू तिथे बिनविरोध अध्यक्ष झाला. त्याच्या पहिल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्याचा विषय होता. त्याने तो विषय वेळ वाचवण्यासाठी ओलांडला आणि थेट स्पर्धांच्या विषयावर आला. टाळ्याही पडल्या. पुढे एका सभासदाने त्यावर हरकत घेतली, पदाधिकारी बदलाचा अर्ज अकरा महिने रखडला, बँकेत नव्या सह्या चालेनात आणि त्या हंगामात मुलांच्या प्रवासखर्चाचे पैसे वेळेवर निघाले नाहीत. मुलींचा संघ स्लीपरच्या तिकिटांसाठी पालकांकडून उसने पैसे घेऊन गेला. त्या माणसाच्या हेतूबद्दल मला आजही शंका नाही. इतिवृत्ताच्या वहीतले ते अर्धे पान कशासाठी असते, हे त्याला कोणी आधी सांगितले नव्हते, एवढेच.

मे २०१६ मध्ये बोमाँट बिनविरोध वर्ल्ड रग्बीचे, म्हणजे या खेळाच्या जागतिक संघटनेचे, अध्यक्ष झाले. अर्जेंटिनाचे माजी कर्णधार अगुस्तीन पिचोत उपाध्यक्ष झाले. २००७ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाला तिसऱ्या क्रमांकावर नेणारे आणि आपल्या देशाला दक्षिण गोलार्धाच्या मुख्य स्पर्धेत स्थान मिळावे म्हणून झगडणारे पिचोत बदलासाठी उतावीळ होते. बोमाँट सर्वांना बरोबर घेऊन चालणारे. या जोडीच्या काळात काही चांगली कामे झाली. २०१७ मध्ये जागतिक परिषदेत सतरा महिला सदस्यांची भर घालण्याचा निर्णय झाला. त्याआधी तिथे महिलांचा आवाज जवळजवळ नव्हता. २०१९ चा विश्वचषक जपानमध्ये, म्हणजे प्रथमच आशियात झाला आणि वादळामुळे तीन सामने रद्द करावे लागूनही तो यशस्वी ठरला.

पण त्याच वर्षी एक मोठी योजना कोसळली. देशांच्या संघांची वार्षिक स्पर्धा दोन श्रेणींत खेळवावी आणि खालच्या श्रेणीतून वर, वरच्या श्रेणीतून खाली जाण्याची सोय असावी, असा प्रस्ताव होता. जॉर्जिया, फिजी यांसारख्या देशांना त्यामुळे मोठ्यांच्या पंगतीत बसण्याची वाट मिळाली असती. खाली घसरण्याच्या शक्यतेला काही प्रस्थापित संघटना तयार झाल्या नाहीत, एकमत झाले नाही आणि जून २०१९ मध्ये प्रस्ताव गुंडाळावा लागला.

घोडे कुठे अडते, हे मतांची विभागणी पाहिल्यावर कळते. २०२० च्या निवडणुकीत परिषदेत एकूण ५१ मते होती. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स, इटली आणि दक्षिण गोलार्धातले चार मोठे देश यांना प्रत्येकी तीन, जपानला दोन, सहा खंडीय संघटनांना प्रत्येकी दोन, आणि फिजी, सामोआ, जॉर्जिया, अमेरिका अशा सात देशांना प्रत्येकी एक. म्हणजे युरोपातल्या सहा श्रीमंत देशांच्याच हातात अठरा मते होती. भारताला स्वतःचे मत नाही. आशियाच्या संघटनेची दोन मते असतात, त्यातच आपला आवाज मिसळतो. त्या निवडणुकीत पिचोत बोमाँट यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि २८–२३ असे हरले. पराभवानंतर त्यांनी रग्बीतली आपली पदे सोडली. मला हे मनाला लागले. त्यांच्यासारख्या माणसाने विरोधात बसून काम चालू ठेवले असते तर छोट्या देशांना आधार झाला असता.

बोमाँट यांच्यावर माझा आक्षेप असेल तर तो इथे आहे. ते समेट घडवणारे उत्तम अध्यक्ष होते. पण समेटाची किंमत बहुतेक वेळा सभागृहात ज्यांची मते कमी असतात त्यांनाच मोजावी लागते. २०२० मध्ये त्यांच्याबरोबर उपाध्यक्ष झालेले फ्रान्सचे बर्नार लापोर्त पुढे भ्रष्टाचाराच्या खटल्यात २०२२ मध्ये दोषी ठरले. निवडणूक जिंकण्यासाठी कोणाच्या खांद्यावर हात ठेवायचा, याचा हिशेब नंतर पदावर असताना चुकवावा लागतो. दोन श्रेणींची स्पर्धा अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली, २०२६ पासून ती सुरू होणार असे ठरले, पण वर-खाली जाण्याची वाट मात्र २०३० पर्यंत बंदच ठेवली गेली. विश्वचषकात २०२७ पासून वीसऐवजी चोवीस संघ घेण्याचे ठरले, ही त्यातल्या त्यात छोट्या देशांच्या पदरात पडलेली ठोस गोष्ट.

डोक्याच्या दुखापतींचा प्रश्न त्यांच्यापर्यंत फिरून आला. डिसेंबर २०२० मध्ये, २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंड संघातील स्टीव्ह थॉम्पसन आणि इतर काही माजी खेळाडूंनी, मेंदूच्या कायमच्या हानीबद्दल वर्ल्ड रग्बीसह संघटनांविरुद्ध कायदेशीर कारवाईची तयारी जाहीर केली. डोक्याला मार बसल्यामुळे ज्याचा खेळ संपला होता, तोच माणूस त्या वेळी संस्थेच्या अध्यक्षपदी होता. त्यांच्या कारकिर्दीत उंच टॅकलवरची, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला खांद्याच्या वर धरून पाडण्यावरची, शिक्षा कडक झाली आणि २०२४ च्या सुरुवातीपासून वरच्या पातळीवरील खेळाडूंसाठी डोक्याला बसणारे धक्के मोजणारे दातांचे कवच वापरात आले. हे आधी व्हायला हवे होते, असे मी म्हणेन. १९८२ मध्ये एका डॉक्टरने स्पष्ट शब्दांत सांगितले म्हणून बोमाँट वाचले. त्यांच्या नंतरच्या व्यावसायिक पिढीला दर आठवड्याला मोठे धक्के बसत होते आणि तसे सांगणारे कोणी नव्हते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पायउतार झाले आणि ऑस्ट्रेलियाचे माजी खेळाडू ब्रेट रॉबिन्सन २७–२५ अशा मतांनी त्यांच्या जागी आले. समोर उभे होते फ्रान्सचे माजी कर्णधार अब्दुलतीफ बेनाझी. म्हणजे पुन्हा दोन्ही बाजूंना खेळाडूच होते.

तुमच्यापुरते सांगायचे तर बोलावणे स्वीकारा. पण पहिले वर्ष वैद्यकीय, शिस्तपालन किंवा स्पर्धा समितीत जागा मागा. शोभेच्या उपाध्यक्षपदाला नम्रपणे नकार द्या. संघटनेची घटना आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागून घ्या, ते देण्यात टाळाटाळ झाली तर ते लेखी मागा. कोणाला किती मते आहेत आणि कोणाला एकही नाही, हे एका कागदावर मांडा. आणि मैदानावर ज्या नियमाने तुमचे किंवा तुमच्या सोबत्याचे नुकसान केले असेल, तो नियम पहिल्या सभेच्या विषयपत्रिकेवर घालण्यासाठी सचिवांना मुदतीच्या आत पत्र द्या. पत्राची पोच घ्यायला विसरू नका.